मास्लेनित्सा: चित्रातली जत्रा आणि न दिसणारे घावन

पिवळीजुई (धागालेखिका)

माळा आवरताना सहावीची भूगोलाची वही सापडली. माझ्या वयाच्या लोकांना आठवेल, रद्दीवाल्याकडून रशियन मासिकं आणायची आणि त्या गुळगुळीत, जाड पानांची कव्हरं वह्यांना घालायची. रंगीत बाजू वर. बाजारातल्या खाकी कव्हरापेक्षा ती जास्त टिकायची आणि वर्गात भाव खायला मिळायचा तो वेगळाच.

या वहीवर बर्फाचं एक चित्र आहे. सहावीत असताना मला ते फक्त 'रशिया' वाटायचं. आता नीट पाहिलं. कुठल्याशा टेकाडावरून खाली बघावं तसं गाव पसरलेलं आहे, चर्चचे घुमट, जत्रेचे मांडव, गोल फिरणारा पाळणा, मुंगीएवढी माणसं. पुढच्या बाजूने घोड्यांच्या घसरगाड्या उधळलेल्या. आणि आभाळ! लिंबाच्या पिवळ्यातून गुलाबी, गुलाबीतून कच्च्या कैरीचा हिरवा. मी शाळेत चित्रकला शिकवते. एखाद्या मुलाने असं आभाळ रंगवलं असतं तर मीच म्हटलं असतं, अरे, आभाळ असं असतं का.

लेकीने फोनवर शोधून दिलं: बोरिस कुस्तोदियेव, 'मास्लेनित्सा', १९१६. मूळ चित्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे.

मग मास्लेनित्सावर वाचत सुटले. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास सुरू होण्यापूर्वीचा आठवडा. मांस आधीच बंद झालेलं, पण दूध, लोणी, अंडी, मासे चालतात. 'मास्ला' म्हणजे लोणी, त्यावरून नाव. जिकडे पाहावं तिकडे दोनच गोष्टी: ब्लिनी, म्हणजे आपल्या घावनांचे रशियन भाऊबंद, आणि शेवटच्या दिवशी जाळायची गवताची बाहुली.

आता माझा प्रश्न. भिंग घेऊन बसले तरी या चित्रात मला ना घावन दिसले, ना जळणारी बाहुली. नंतर आणखी दोन नावाजलेली चित्रं पाहिली, माकोव्स्कीचं आणि सुरिकॉव्हचं. त्यांतही नाहीत. होळीचं चित्र काढायचं आणि होळीच काढायची नाही, असं कसं झालं? जाणकारांनी सांगावं.

---

सुईदोरा

मस्त धागा. मी कझानला सहा वर्षं डॉक्टरकी शिकलो, आता साताऱ्यात दवाखाना आहे. चित्रांतलं मला काही कळत नाही, पण मास्लेनित्सा अंगावर घेतली आहे. अक्षरशः, कारण पहिल्या वर्षी घसरगुंडीवरून उतरताना पुढच्या मावशी थांबल्या आणि मी थांबलो नाही.

बागेत स्टेज, लाउडस्पीकर, ब्लिनीच्या टपरीसमोर रांग. ब्लिनमध्ये स्गुश्योन्का भरून घ्यायची, म्हणजे आपला मिल्कमेड. हातमोजा काढून खावं लागतं आणि उणे बारामध्ये ते पुण्यकर्म आहे. एक गुळगुळीत उंच खांब रोवलेला असतो, टोकाला बक्षीस टांगलेलं. तरुण पोरं त्या थंडीत शर्ट काढून वर चढतात, निम्म्यात घसरतात आणि खाली उभी असलेली पोरं जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. सगळ्यात शेवटी ती बाहुली, 'चुचेला', पेटवतात. म्हणजे आम्ही पाहिली त्यात बाहुली होतीच, आणि तोच मुख्य कार्यक्रम होता.

एक गोष्ट मात्र स्टेजवर नव्हती. शेवटचा रविवार हा क्षमेचा रविवार. आमच्या होस्टेलच्या दारात बसणाऱ्या आजीबाई वर्षभर आमच्यावर खेकसायच्या: उशीर का, बुटांना चिखल का, स्वयंपाकघरात फोडणीचा धूर का. त्या रविवारी मी पास दाखवला तर बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रोस्ती मेन्या." मला माफ कर. मी गडबडलो. मागच्या सिनियरने कानात सांगितलं, म्हण, "बोग प्रोस्तीत." देव माफ करतो. मी म्हटलं. सोमवारी सकाळी पुन्हा चिखलावरून ओरडल्याच.

---

कडीपत्ता_७

@सुईदोरा, हे तर आमच्या शेजारच्या शहाकाकूंचं मिच्छामि दुक्कडम्. त्याही वर्षभर पार्किंगवरून भांडतात आणि त्या एका दिवशी हात जोडून येतात.

---

तांब्याभांडं

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकत होते तेव्हा आमच्या बाईंनी या आठवड्याचे वार पाठ करून घेतले होते. प्रत्येक वाराला नाव आहे. सोमवार स्वागताचा, बुधवार चोचले पुरवण्याचा, गुरुवारपासून खरा धिंगाणा. शुक्रवार आणि शनिवार ऐकून मात्र आम्ही सगळ्या हसायला लागलो. शुक्रवार सासूचा: जावयाने सासूला मानाने बोलवायचं आणि ब्लिनी खाऊ घालायचे. (सासू जावयाला घालते तो दिवस बुधवार. म्हणजे धोंड्याचं वाण आणि त्याची परतफेड एकाच आठवड्यात.) शनिवार 'झोलोव्का'चा.

इंग्रजी पुस्तकात झोलोव्काचं भाषांतर सिस्टर-इन-लॉ असं केलेलं, त्यावरून काहीच बोध होत नाही. बाई म्हणाल्या, तुम्हाला इंग्रजीची काय गरज? झोलोव्का म्हणजे नणंद. नवऱ्याची बहीण. बस. नव्या सुनेने नणंदांना घरी बोलवायचं, काहीतरी भेट द्यायची. आणि नवऱ्याचा भाऊ म्हणजे 'देवेर', तो तर सरळ आपला दीर. संस्कृत देवृ, हिंदी देवर, रशियन देवेर, एकाच कुळातले शब्द आहेत हे.

---

दगडीपाटा

आपले सण लोकांना धड माहीत नाहीत, आणि रशियाच्या पॅनकेकवर चर्चा. चालू द्या.

---

पिवळीजुई

@दगडीपाटा, चालू देतेच आहे. :) @तांब्याभांडं, नणंदेचा वार! माझ्या नणंदेला ही लिंक पाठवली आहे.

---

रंगपेटी

पिवळीजुईताई, तुमचं आभाळ खोटं नाही. कडक थंडीत, सूर्य खाली असताना बर्फावर आणि धुक्यावर असे रंग खरंच पडतात. पण तुमची शंका दुसऱ्या अर्थाने बरोबर आहे, कारण हे चित्र समोर बसून काढलेलंच नाही.

कुस्तोदियेव १८७८ चा, व्होल्गाकाठच्या आस्त्राखानचा. नावाजलेला रशियन चित्रकार रेपिन, त्याचा लाडका शिष्य. रेपिनच्या रशियन राज्य परिषदेच्या त्या अवाढव्य चित्रात गुरूच्या हाताखाली राबलेला. तिशीतच मान आणि हात दुखायला लागले. निदान झालं ते मणक्यातल्या गाठीचं. १९१३ मध्ये बर्लिनला शस्त्रक्रिया, १९१६ मध्ये पुन्हा पेत्रोग्राडला (सेंट पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव). या दुसऱ्या वेळची गोष्ट अशी सांगतात की डॉक्टरांनी बाहेर येऊन त्याच्या बायकोला विचारलं, हात आणि पाय दोन्ही वाचणार नाहीत, काय ठेवू? ती म्हणाली, हात ठेवा, तो चित्रकार आहे. पाय गेले. १९२७ मध्ये गेला तोवर चाकाच्या खुर्चीत होता.

आता चित्रावरचं साल परत पाहा. १९१६.

म्हणजे घसरगाड्या उधळलेलं, सगळं गाव पळतंय असं हे चित्र काढणारा माणूस स्वतः जागेवरून हलू शकत नव्हता. म्हणून मला वाटतं त्यात घावन नाहीत. ब्लिन घरात बसून खाता येतो. तो तर त्याला रोज कोणी आणून दिला असता. त्याला हवं होतं ते बाहेर होतं: वेग, थंड हवा, घुंगरं, गर्दी. वरून पाहिल्यासारखं जे दिसतं तेही बघा. अशी नेमकी टेकडी कुठे सापडायची नाही. आठवणीतली चार गावं त्याने एकत्र मांडली आहेत. चित्राची रुंदी उंचीच्या दुपटीहून जास्त आहे, त्यामुळे नजर एका जागी ठरतच नाही, घसरगाडीबरोबर डावी-उजवीकडे फिरत राहते. त्याने १९१९ मध्ये पुन्हा मास्लेनित्सा रंगवली. त्या वर्षी पेत्रोग्राडमध्ये खायला भाकरी आणि शेकायला लाकूड मिळायची मारामार होती. चित्रात मात्र सगळे गुबगुबीत.

---

रेल्वेफाटक

रंगपेटी, यात शाल्यापिनचं चित्र यायलाच हवं. गायक फ्योदोर शाल्यापिन, १९२१. फरचा कोट उघडा टाकून, पायाशी कुत्रा, टेकाडावर उभा. आणि त्याच्या बुटांखाली अख्खी मास्लेनित्सा: मांडव, घोडे, गर्दी. खाली डाव्या कोपऱ्यात त्याच्या दोन मुली. शाल्यापिन कुस्तोदियेवकडे गेला होता ते एका ऑपेराचा देखावा करून घ्यायला, त्या ऑपेरातही मास्लेनित्साची जत्रा आहे. चित्रकाराने त्याचा कोट पाहिला आणि म्हणाला, असाच उभा राहा.

चित्र दोन मीटरच्या वर उंच, आणि काढणारा खुर्चीत. मग छताला कप्पी बसवली, कॅनव्हास दोरीने तिरपा टांगला आणि जो भाग रंगवायचा तो खाली ओढून घ्यायचा. विहिरीतून घागर शेंदतात तसं. कुत्र्याची तऱ्हा आणखी गमतीची: ते मान वर करून उभं राहीना, म्हणून कपाटावर मांजर बसवलं.

---

दिवेलागण

वाचनखूण साठवली. कपाटावरच्या मांजराचं काय झालं ते कुणीच सांगत नाही.

---

रंगपेटी

सुरिकॉव्हबद्दल लिहायचं राहिलं. 'बर्फाच्या गढीचा पाडाव', १८९१. हा सायबेरियातला, क्रास्नोयार्स्कच्या कोसॅक, म्हणजे घोडेस्वार लढवय्यांच्या, घराण्यातला माणूस. तिकडे मास्लेनित्साच्या शेवटच्या दिवशी एक खेळ असायचा: बर्फाची भिंत आणि दरवाजा उभा करायचा, पाणी ओतून ती दगडासारखी गोठवायची. एका बाजूने पायी लोक काटक्या आणि बर्फाचे गोळे घेऊन राखण करतात, घोडे बुजवतात; दुसऱ्या बाजूने घोडेस्वार येतात. जो भिंत फोडून आत घुसला तो जिंकला.

चित्रात नेमका तो क्षण आहे. घोड्याच्या छातीने बर्फ फुटलाय, ढेकळं उडताहेत, आणि चेहरे बघा, एकजात हसताहेत. उजवीकडे घसरगाडीच्या पाठीवर फुलाफुलांचा गालिचा टाकलेला आहे. तो गालिचा नुसता बघत बसावं असा आहे. बर्फाच्या पांढऱ्यात लाल, हिरवा, काळा; प्रत्येक फूल ब्रशच्या दोन-तीन फटकाऱ्यांत उरकलेलं आणि तरी लोकरीचा खरखरीतपणा बोटांना लागतो. त्या गाडीत बसलेला माणूस चित्रकाराचा भाऊ अलेक्झांडर.

तो भाऊ तिथे उगाच नाही. १८८८ मध्ये सुरिकॉव्हची बायको गेली. माणूस खचला, चित्रं बंद, बायबल घेऊन बसायचा. दोन मुलींना घेऊन तो क्रास्नोयार्स्कला परतला. भावाने त्याला लहानपणच्या या खेळाचं चित्र काढायला गळ घातली आणि गावकऱ्यांकडून खरी गढी बांधवून खेळ मांडला. त्याच्या आधीची मोठी चित्रं आठवा: फाशीची सकाळ, हद्दपार सरदार, आणि बेड्या घालून नेली जाणारी बोयारीन्या (सरदारीण) मोरोझोवा. त्या चित्रातही बर्फ, घसरगाडी आणि दुतर्फा गर्दीच आहे. चार वर्षांनी त्याच सामानातून त्याने हे हसणारं चित्र केलं.

म्हणजे इथेही बाहुली नाही, कारण त्या गावाची मास्लेनित्सा म्हणजे गढी होती. प्रत्येक भागाची रीत वेगळी. आपल्याकडे तरी शिमगा सगळीकडे सारखा आहे का? कोकणात पालखी नाचते, विदर्भात दुसरंच काही.

---

रेल्वेफाटक

आणि शहराची रीत आणखी वेगळी. माकोव्स्कीचं १८६९ चं चित्र पीटर्सबर्गच्या अॅडमिरल्टी चौकातलं आहे, तीन मीटरहून रुंद. इथे नायक आहे 'बलगान', म्हणजे लाकडी फळ्यांचा तात्पुरता तंबू-थिएटर. आपल्या जत्रेतल्या तमाशाच्या कनाती आठवा. बाहेरच्या सज्ज्यात सोंगाडे उभे राहून गिऱ्हाईक गोळा करतात. त्यांचा म्होरक्या तो खोटी दाढी लावलेला 'आजोबा', येणाऱ्याजाणाऱ्याची, स्वतःच्या बायकोची, सगळ्यांची टर उडवणारा. त्याचं काम फक्त लोकांना तिकिटाच्या खिडकीपर्यंत आणायचं. खाली सरदार, व्यापारी, शिपाई, दाया, चहा-खाऊ विकणारे, सगळे एकाच चिखलबर्फात. लोक एरवी एकमेकांना जिथे भेटले नसते तिथे दाटीवाटीने उभे. माकोव्स्कीला खरं चित्र त्या दाटीचंच काढायचं होतं.

या बलगानांना एक काळी बाजूही होती. १८३६ च्या मास्लेनित्सात याच चौकात लेहमानच्या बलगानाला भर खेळात आग लागली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. कोरडी फळी, वर दिवे, आत खच्चून माणसं.

माकोव्स्कीने तरी डोळ्यांसमोरचं रंगवलं. पण चार वर्षांत चौकात बाग करायची म्हणून जत्रा तिथून हलली, मार्स मैदानावर गेली. पुढे १९११ मध्ये पॅरिसला दियागिलेवच्या कंपनीने 'पेत्रुश्का' बॅले केला, संगीत स्त्राविन्स्कीचं. देखावा अलेक्सांद्र बेनुआचा, आणि त्यात जत्रा दाखवली ती १८३० च्या सुमाराची, याच अॅडमिरल्टी चौकातली. बेनुआ लहानपणी बलगानांच्या नादी लागलेला पोरगा. ती जत्रा गेली होती, मग त्याने ती परक्या शहरात रंगमंचावर उभी केली.

अवांतर: लाकडाचा उंच मनोरा बांधून त्यावरून बर्फाचा उतार करायचा, हीही पीटर्सबर्गच्या मास्लेनित्साची खास चीज. त्यावरून फ्रेंच लोक आजही रोलर कोस्टरला 'रशियन डोंगर' म्हणतात. रशियन लोक त्यालाच 'अमेरिकन टेकड्या' म्हणतात.

---

सुईदोरा

मग आम्ही पाहिलेली बाहुली आली कुठून? खेड्यातून?

---

तांब्याभांडं

हो. गवताची बाहुली करायची, गावभर मिरवायची, वेशीबाहेर नेऊन जाळायची, ही मुळात खेड्यांची रीत, तीही सगळीकडची नाही. कुठे नुसतीच शेकोटी, कुठे जुनं सामान जाळायचं. सोव्हिएत काळात उपास आणि ईस्टर अधिकृतपणे नव्हतेच, मग धर्म काढून 'हिवाळ्याला निरोप' असा कार्यक्रम बागाबागांतून सुरू झाला. त्यात बाहुली, खांब आणि ब्लिनी बरोबर बसले. सुईदोरांनी पाहिला तो त्याचा पुढचा अवतार. त्यामुळे आज नेटवर दिसतं ते १८६९ च्या चित्रात शोधलं तर सापडायचं नाही.

आणि ब्लिन म्हणजे सूर्य, गोल आणि सोनेरी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. भाकरीही गोल असते. लोककथांचा अभ्यास करणारा व्लादिमीर प्रोप होता, त्याने ब्लिन हे मुळात मेलेल्यांच्या आठवणीचं अन्न असल्याकडे लक्ष वेधलं. रशियात तेराव्याच्या जेवणासारखं जे जेवण असतं त्यातही ब्लिनी असतातच. आणि मास्लेनित्साचा पहिला ब्लिन घरच्यांनी खायचा नाही. खिडकीत ठेवायचा नाहीतर भिकाऱ्याला द्यायचा, पितरांच्या नावाने.

---

नारळीपाक

म्हापशाहून. आमचा इंत्रुज, म्हणजे गोव्याचा कार्निव्हल, विसरलात की काय? कारण तेच, उपासाआधी हौस भागवून घ्यायची. आमच्याकडे किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचा राजा, फर्मान काढतो, खा, प्या, मजा करा. मिरवणुकीचे चित्ररथ शहरात. खेड्यात पूर्वी एकमेकांवर पीठ आणि पाणी उडवायचे.

फरक कॅलेंडरचा. त्यांचा ईस्टर बहुतेक वेळा आमच्यानंतर येतो, पण २०२५ मध्ये दोन्हींचा एकाच दिवशी, २० एप्रिलला आला. त्यामुळे त्या वर्षी त्यांची मास्लेनित्सा २ मार्चच्या रविवारी संपली आणि आमचा कार्निव्हल ४ मार्चच्या मंगळवारी. त्यांचा उपास सोमवारपासून, आमचा राखेच्या बुधवारपासून. दोन दिवस आम्ही जास्त खाल्लं म्हणायचं.

---

दगडीपाटा

म्हणजे आपलीच होळी तिकडे गेली. बाहुली जाळणे, हिवाळा संपणे, सगळं तेच.

---

तांब्याभांडं

@दगडीपाटा, आलात ना धाग्यावर! पण नाही हो. दीर आणि देवेर एका कुळातले आहेत हे दाखवता येतं. थंडी सरताना काहीतरी पेटवावंसं वाटायला कुणाकडून शिकावं लागत नाही. होळी पौर्णिमेला बांधलेली, ही ईस्टरच्या मागे फिरते.

---

कडीपत्ता_७

कृती द्या कुणीतरी. एवढं वाचून भूक लागली.

---

सुईदोरा

होस्टेलवरची कृती: एक अंडं, दोन वाट्या दूध, वाटीभर मैदा, चिमूट मीठ, चमचा साखर, थोडं तेल. घावनाच्या पिठाइतकं सैल. जुन्या पद्धतीत गव्हाऐवजी कुट्टूचं पीठ घेतात आणि यीस्टने आंबवतात; ते जाड होतात, आंबोळीच्या जवळ जाणारे. तवा धूर येईपर्यंत तापवायचा. पळीने ओतून तवाच फिरवायचा, पळी नाही. प्रत्येक ब्लिनवर गरम असतानाच लोणी, आणि एकावर एक रचत जायचं. पहिला बिघडणारच. त्यांच्यात म्हणच आहे, पहिल्या ब्लिनचा गोळा होतो.

---

पिवळीजुई

सगळ्यांचे आभार. प्रश्न विचारला घावनांचा आणि उत्तर मिळालं कप्पीला टांगलेल्या कॅनव्हासचं. रंगपेटी, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर वर्गात मुलांना हे चित्र दाखवलं, साल आणि खुर्ची आधी न सांगता. विचारलं, चित्रकार कुठे उभा असेल? एकाने सांगितलं, झाडावर. एकीने, पतंगावर. मग सांगितलं. वर्ग दोन मिनिटं चिडीचूप होता, आमच्या वर्गाच्या मानाने हा विक्रम आहे.

चित्र फ्रेम करायला म्हणून वहीवरून कव्हर सोडवलं. पाठीमागे ट्रॅक्टरच्या कारखान्याचा फोटो निघाला आणि त्याखाली माझ्याच अक्षरात, शाईच्या पेनाने: 'रशियाचे हवामान अतिशय थंड असते. पाठ करणे.'

रविवारी सुईदोरांच्या कृतीने ब्लिनी केले. नणंद आली होती, वार चुकला पण भेट घेतली तिने. पहिला तव्याला चिकटला, गोळाच झाला. तांब्याभांडं यांचं आठवून तो गच्चीच्या कठड्यावर ठेवला, आईचं नाव घेऊन. कावळ्याची वाट पाहिली. साळुंकी आली, अर्धा घेऊन गेली.